जांभळ्या पाण्यातले अस्तर

मी एक जुना तुकडा आहे, मित्रांनो. कशाचा, ते लगेच सांगत नाही. सांगितले की लोक आधी नाकाला रुमाल लावतात आणि मग ऐकायला बसतात. रुमालातून ऐकलेल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. तेव्हा आधी मला हातात घ्या. वितीपेक्षा थोडा कमी लांब, दोन बोटे रुंद, करंगळीच्या निम्म्याने जाड. रंग मधासारखा, एका अंगाला जांभळट. हुंगून बघा. आला काही वास? नाही ना? मग आता सांगतो. मी गटाराच्या नळाचे अस्तर आहे.

दचकू नका. कोट आतून फाटू नये म्हणून शिंपी त्याला अस्तर लावतो, तसेच हे. रस्त्याखाली गाडलेला नळ म्हातारा झाला, त्याला भेगा पडल्या, तर पूर्वी सगळा रस्ता खणून काढत. शेजारपाजारच्या घरांत सहा महिने धूळ आणि भांडणे. आता रस्त्याला हात न लावता जुन्या नळाच्या पोटातच नवा नळ घालतात. त्या नव्या नळाचा मी एक छोटासा भाग.

माझा जन्म मात्र अगदी मऊ. सुयांनी टोचून टोचून केलेला जाड फेल्ट, म्हणजे नमद्यासारखे कापड, होतो मी. एका मोठ्या शेडमध्ये शिलाईयंत्रावर बसलेल्या बायकांनी आम्हाला लांबच लांब नळीसारखे शिवले. नळीच्या एका अंगावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा होता. मग आतली हवा शोषून काढली आणि आम्हाला रेझिन पाजले. रेझिन म्हणजे डिंकासारखा दाट रस. तो गार असेपर्यंत वाहतो आणि गरम झाला की दगड होतो. पुन्हा वितळत नाही. हट्टी माणसासारखे आहे ते, एकदा बसले की बसले. वाटेत ऊन लागून भलत्याच ठिकाणी दगड होऊ नये म्हणून आमची गाडी बर्फाने भरली होती. कडक उन्हात बर्फात लोळत जाण्याचे सुख किती जणांनी घेतले असेल? आम्ही घेतले.

गाडीबरोबर मुकादम होता. नळांना अस्तर घालणाऱ्या टोळीचा प्रमुख. कामाला चोख आणि तोंडाला त्याहून चोख. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना त्याने शब्दांची काटकसर कधी केली नाही. "माझं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे तो दिवसातून निदान चार वेळा म्हणत असे. मी मोजले आहे. पाचव्यांदा म्हणाला तर समजावे की कुठेतरी गडबड आहे.

आम्हाला जिथे नेले ती एक अरुंद, वळणाची गल्ली होती. दोन्हीकडे घरे, टोकाला सूत रंगवण्याचा कारखाना. कारखाना एका बाईंचा. त्यांना सगळे आक्का म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. हौदांतून रंग, सोडा आणि वाफाळते पाणी रोज त्याच नळातून जाई. जुना नळ त्या पाण्याने कुरतडला होता आणि एके दिवशी गल्लीचा मधला भाग हातभर खचला. तेव्हा कारखाना चार महिने बंद राहिला. चौदा कामगारांपैकी तिघे पोटासाठी दुसरीकडे गेले, ते परत आले नाहीत. "अजून एकदा बंद झाला, तर मी कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकणार," असे आक्का म्हणत. हे त्या हसत म्हणत, पण डोळे हसत नसत.

आम्हाला खाली कसे घातले ते सांगतो. मोजा उलटा करताना तुम्ही त्याचे तोंड धरून आतला भाग बाहेर काढता ना? तसेच. आमचे तोंड रस्त्यावरच्या मॅनहोलपाशी बांधले आणि मागून पाणी सोडले. पाण्याच्या जोराने आम्ही उलटे होत होत अंधाऱ्या नळातून पुढे सरकत गेलो. पापुद्र्याचे अंग, जे बाहेर होते, ते आता आत आले. पाणी वाहणार त्यावरूनच. मग तेच पाणी तापवले. पाच तासांत आम्ही जुन्या नळाला चिकटून दगड झालो. काम फत्ते! दोन्ही मॅनहोलांत आमची जी जास्तीची टोके लोंबत होती, ती मुकादमाने करवतीने कापली.

त्या कापलेल्या टोकातला मी. बाकीचे सगळे लांबलचक अस्तर खाली राहिले. त्याला मी थोरला म्हणतो. एकाच रेझिनचे, एकाच दिवशी दगड झालेले आम्ही सख्खे भाऊ. त्याच्या नशिबी काम आले, माझ्या नशिबी परीक्षा.

परीक्षा घ्यायला लावली ती नगरपालिकेच्या अभियंत्याने. सगळे त्याला साहेब म्हणत. साहेबांना दोन शब्द फार प्रिय होते, 'बघू' आणि 'लेखी'. मुकादमाने छातीवर हात ठेवून सांगितले, "साहेब, साधं रेझिन नाही वापरलं. रंगाचं पाणी, सोडा, गरम वाफ, सगळ्याला पुरून उरेल असं वापरलंय. पन्नास वर्षं बघायला नको."

"पन्नास वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" साहेब म्हणाले.

"मी वर असेन साहेब, पण अस्तर खालीच असेल."

साहेब हसले नाहीत. त्यांनी कापलेले टोक प्रयोगशाळेत पाठवले आणि वर एक कागद जोडला. या तुकड्यांना वर्षभर त्याच कारखान्याच्या पाण्यात भिजवा. वाकायची ताकद पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त घटली, तर अस्तर नापास. नापास झाले तर कारखान्याचे पाणी नळात सोडणे बंद आणि गल्ली खणून नवा नळ.

आता प्रयोगशाळेतली माणसे सांगतो. दोनच होती. तपासणी करणाऱ्या बाई प्रत्येक गोष्ट तीनदा मोजत आणि चौथ्यांदा स्वतःवरच संशय घेत. त्यांचे मदतनीस होते काका. काका आयुष्यभर सुतारकाम करून आता इथे आले होते. हात असा सफाईदार, की त्यांनी पेन्सिलीला टोक केले तरी बघत राहावे. पण सुताराला एक खोड असते. खडबडीत कड दिसली की त्याच्या बोटांना खाज सुटते.

काकांनी टोकातून तीन सारखे तुकडे कापले. एक कोरड्या कपाटात ठेवायचा, एक साध्या पाण्यात, एक रंगाच्या पाण्यात. तिसरा मी. बाईंनी आमच्या कापलेल्या कडा रेझिनमध्ये बुडवून वाळत ठेवल्या. का, ते मला तेव्हा कळले नाही. त्या बिचाऱ्यांनी काकांनाही सांगितले नाही, कारण त्यांना ती गोष्ट इतकी ठाऊक होती की सांगायची असते हेच त्या विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडे दोन दिवसांसाठी गेल्या.

काकांनी आम्हाला पाहिले आणि त्यांचा जीव कळवळला. कडांवर रेझिनचे ओघळ सुकले होते, मेणबत्तीच्या अंगावर सुकतात तसे. "शी! हे काय ध्यान," असे पुटपुटत त्यांनी पॉलिशपेपर काढला. आधी जाड, मग मध्यम, मग अगदी बारीक. अर्ध्या तासात आमच्या कडा आरशासारख्या झाल्या. खोटे कशाला सांगू, मित्रांनो, मलाही फार बरे वाटले. आयुष्यात पहिल्यांदाच मी देखणा दिसत होतो.

बाई परत आल्या. त्यांनी मोजमाप घेतले, तिन्ही तुकडे केसाइतकाही फरक न ठेवता सारखे. "व्वा काका! या वेळी किती छान बसलंय!" त्या म्हणाल्या. त्यांना वाटले, रेझिन छान बसले. काकांना वाटले, पॉलिशचे कौतुक झाले. दोघेही खूश. मीही खूश. अशा रीतीने आम्हा तिघांच्या आनंदात एका मोठ्या चुकीची सुरुवात झाली.

माझी बरणी कोमट पाण्याच्या टाकीत उभी केली होती, कारण आक्कांच्या हौदातले पाणी नळात कोमटच येते. दर आठवड्याला आक्का स्वतः ताज्या पाण्याचा कॅन घेऊन येत. त्यांचा उजवा अंगठा कायमचा जांभळा होता. साबणाला तो कधीच घाबरला नाही.

"काका, माझ्या लेकराचं कसं चाललंय?"

"तुमचं लेकरू फार गुणी. महिनाभर तोंडातून शब्द न काढता पाण्यात बसलंय. आमच्या नातवाला दोन मिनिटं आंघोळीला बसवून दाखवा."

"पास होईल ना?"

"आक्का, मी सुतार आहे, ज्योतिषी नाही. पण अंगाने दणकट वाटतं."

मला त्या दोघांचे बोलणे ऐकायला आवडे. पण आतून मला काहीतरी वेगळेच जाणवू लागले होते. माझ्या कडांना गुदगुल्या होत. फेल्टचे बारीक धागे कडेपाशी उघडे पडले होते आणि ते हळूहळू पाणी ओढत होते, दिव्याची वात तेल ओढते तसे. मला वाटले, भिजल्यावर असेच होत असेल.

पहिल्या महिन्याला बाईंनी मला पुसून तराजूत ठेवले. वजन वाढले होते. तिसऱ्या महिन्याला आणखी वाढले. तीनदा मोजले, चौथ्यांदा तराजू बदलला. वजन तेच. सहाव्या महिन्याला मला दोन टेकूंवर आडवे ठेवून मध्ये थोडा भार दिला. तोडत नाहीत, किती वाकतो ते बघून सोडून देतात. कोरड्या कपाटातल्या भावाची ताकद शंभर धरली, तर माझी बहात्तर भरली. ऐंशीच्या खाली म्हणजे नापास.

साध्या पाण्यातल्या भावाचे वजनही वाढले होते. साहेबांनी तो आकडा पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे हे अस्तर साधं पाणीसुद्धा पितंय. मग तर बोलायलाच नको." आणि त्यांनी त्यांचा दुसरा आवडता शब्द वापरला. लेखी नोटीस निघाली. आठ दिवसांत कारखान्याचे पाणी बंद, पुढच्या महिन्यात गल्ली खणायला सुरुवात.

ते आठ दिवस मी बरणीत कसे काढले, ते सांगत नाही. मला बोलता येत नाही, हे दुःख मला त्याआधी कधी झाले नव्हते. माझ्यामुळे अकरा माणसे आणि एक बाई रस्त्यावर येणार होती. थोरल्याला उकरून फेकणार होते. आणि आतून मला सारखे वाटत होते की मी काही एवढा लेचापेचा नाही. पण आकड्यांसमोर तुकड्याचे कोण ऐकतो?

सातव्या दिवशी दुपारी सगळे प्रयोगशाळेत जमले. साहेब, मुकादम, बाई, काका आणि आक्का. मुकादमाने तोवर सहा वेळा 'काळ्या दगडावरची रेघ' म्हटले होते, त्यावरून ओळखा.

"साहेब, रेझिन खोटं नाही," तो म्हणाला. "मी डब्यावरचं लेबल दाखवतो."

"लेबल भिजवलं नव्हतं, तुकडा भिजवला होता," साहेब म्हणाले. "बाई, तुमच्या मोजणीत चूक?"

"मोजणीत नाही," बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "मी खूपदा मोजलं."

आक्का पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "ताई, मला तो तुकडा हातात मिळेल का? सहा महिने पाणी पाजतेय मी त्याला. एकदा भेटू तरी."

बाईंनी मला बरणीतून काढून पुसले आणि त्यांच्या हातात दिले. आक्कांनी माझ्याकडे पाहिले नाही. डोळे मिटले आणि तो जांभळा अंगठा माझ्या अंगावरून फिरवला. पापुद्र्याच्या अंगावरून. मग मागून. मग कडेवरून. कडेवर अंगठा थांबला. परत मागे आला. परत थांबला.

"ही किनार उघडी आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" साहेबांनी विचारले.

"साहेब, मी तीस वर्षं सूत आणि कापड रंगवतेय. कापलेल्या कडेला कापड सगळ्यात आधी रंग पितं. मधे चढायला तास लागतो, कडेला दोन मिनिटं. म्हणून आम्ही नमुन्याच्या कडा आधी मेणाने बंद करतो, मग बघतो. इथं बोट लावा. धागे लागतात हाताला."

"कडा बंदच आहेत," बाई म्हणाल्या. "मी स्वतः रेझिनमध्ये बुडवल्यात. कापलेल्या कडेने पाणी शिरू नये म्हणूनच बुडवतात." आणि त्यांनीही अंगठा लावला. तो पुन्हा फिरवला. "पण... इथं तर काहीच नाही."

 मग कोपऱ्यातून काकांचा आवाज आला.

"बाई, ते थेंब मी घासले."

"काय?"

"ओघळ आले होते. वाईट दिसत होते. तुम्ही बहिणीकडे गेला होतात ना, तेव्हा. मला वाटलं, सांडलेलं आहे." काकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "तुम्ही कौतुक केलंत म्हणून मग मी... मला काय माहीत, ते त्याचं पांघरूण होतं."

मित्रांनो, मी पुष्कळ माणसे पाहिली. पण विचारायच्या आत, बोट आपल्याकडे वळायच्या आत, 'मी केले' असे म्हणणारी माणसे माझ्या हिशेबात एका हाताच्या बोटांवर मावतील. काका त्यात पहिले.

साहेबांनी चष्मा काढला. "हे सगळं ठीक. पण पाणी कडेनेच शिरलं आणि अंगातून शिरलं नाही, हे कशावरून? पाणी काय सांगतंय का, मी कुठून आलो?"

"साधं पाणी नाही सांगणार," आक्का म्हणाल्या. "माझं सांगेल. माझं पाणी जिथून जातं तिथं सही करून जातं. कापा याला मधोमध."

बाई कचरल्या. "कापला की परीक्षा संपली. वर्ष पूर्ण व्हायचंय."

"ताई, उद्या माझं पाणी बंद होणार आहे. वर्षाचं काय घेऊन बसलात?"

आता माझी काय अवस्था झाली असेल, तुम्हीच सांगा. माझ्यावर करवत चालवायची चर्चा माझ्यासमोरच चालली होती. आणि कुणाच्या हाताने? काकांच्या. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. करवत लाकडाला, म्हणजे मला, लागली आणि रेघेसारखी सरळ चालली. सुताराचा हात तो. तीन मिनिटांत माझे दोन तुकडे झाले.

सगळ्यांनी माना पुढे केल्या. डोकी एकमेकांवर आपटली.

मी आतून मधासारखा होतो. स्वच्छ, कोरडा, सोनेरी. फक्त दोन्हीकडच्या घासलेल्या कडांना तांदळाच्या दाण्याएवढ्या रुंदीची जांभळी पट्टी होती. रुमालाला किनार असते ना, अगदी तशी. आणि पापुद्र्याच्या ज्या अंगावरून पाणी वाहायचे, तिथे रंग होता तो फक्त वरच्या वर. आक्कांनी पदराने पुसला तर पदराला लागला.

"बघा," आक्का म्हणाल्या. "तोंडाने एक घोट घेतला नाही लेकराने. सगळा चोरवाटेने गेला."

बाईंनी लगेच माझ्या मधल्या, न रंगलेल्या भागाची पट्टी काढून टेकूंवर ठेवली. कोरड्या भावाचीही तेवढीच पट्टी कापून शेजारी ठेवली. तीनदा मोजले. चौथ्यांदा मोजायला त्यांनी साहेबांनाच पुढे बोलावले. कोरडा शंभर, तर मी सत्त्याण्णव.

मुकादमाने इतका मोठा निःश्वास सोडला की टेबलावरचे कागद उडाले. "बोललो नव्हतो का! काळ्या दगडावरची—"

"थांबा जरा," आक्का म्हणाल्या.

आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो त्यांनी विचारायची काहीच गरज नव्हती. नोटीस मागे जाणार होती. गप्प बसल्या असत्या तर हौद तसेच चालू राहिले असते. पण त्यांनी विचारले.

"मुकादम, खाली नळात जे अस्तर आहे, त्याची टोकंही तुम्ही कापलीत ना? मॅनहोलमधे? मग त्या कडांचं काय?"

मुकादमाने मान डोलावली. "लावलाय की. रेझिनचा गिलावा. आम्ही नेहमी लावतो."

"या वेळी लावला?"

"नेहमी लावतो."

"नेहमीचं नाही विचारलं. या वेळी?"

मुकादमाने छताकडे पाहिले. "आक्का, त्या हंगामात मी चाळीस टोकं बंद केलीत. आता त्यातलं नेमकं हे... लावलाच असणार."

सहा महिन्यांत मी पहिल्यांदाच त्याला आपल्या कामाबद्दल इतके कमी शब्द वापरताना पाहिले. थोरल्याच्या कडा उघड्या असतील, तर सत्त्याण्णव असो की शंभर, पाणी चोरवाटेने त्याच्या पोटात शिरत राहणार होते. साहेब उठले. "बघू," ते म्हणाले. या वेळी त्यांचा तो शब्द मला पहिल्यांदाच आवडला.

रंग ताडून बघायला म्हणून मुकादमाने माझा अर्धा भाग खिशात घातला. म्हणून पुढचे मला सांगता येते.

गल्लीतल्या मॅनहोलचे झाकण काढले. आतली हवा यंत्राने तपासली, कमरेला दोर बांधला आणि मुकादम शिडीने उतरू लागला. वर साहेब, बाई, आक्का आणि काका कडेने वाकून उभे. काकांनी दोर धरला होता, जणू मुकादम म्हणजे त्यांच्याच चुकीचा पुढचा भाग होता आणि त्याला सांभाळायचे होते.

खिशाच्या तोंडातून मी पाहिले. सहा महिन्यांनी थोरला दिसला. गोल, गुळगुळीत, विजेरीच्या उजेडात चमकणारा. तळाशी जांभळ्या पाण्याची बारीक धार शांतपणे वाहत होती. मला त्याला हाक मारायची होती. पण मला बोलता कुठे येते?

त्याने विजेरी टोकावर धरली. टोकावर शेवाळ आणि गाळाचा थर होता. काही दिसेना. त्याने फडका ओला केला आणि पुसायला सुरुवात केली. डावी बाजू पुसली. वरची पुसली.

"काय आहे?" वरून साहेबांचा आवाज.

मुकादमाने फडका पुन्हा ओला केला. तो पुसतच होता. उजवी बाजू पुसली. मग एकदम थांबला आणि हसू लागला. आधी हळू, मग असा, की मॅनहोलमधून चौघे जण हसताहेत असे वाटावे.

"अहो, काय झालं? बोला की!" आक्का ओरडल्या.

"बंद आहे! चारी बाजूंनी बंद! गिलावा बसलाय, दगड झालाय! आणि आक्का, त्यावर माझा अंगठा उमटलाय! वाकडा!"

दहा वर्षांपूर्वी एका झाकणाखाली त्याचा अंगठा सापडला होता, तेव्हापासून तो विळ्यासारखा वाकडा होता. ओल्या रेझिनमध्ये दाबताना त्याचा ठसा उठला होता. तसा अंगठा शहरात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पुढच्या मॅनहोलमध्येही तेच, तोच वाकडा अंगठा, दोनदा. मुकादमाने ढोलकीवर मारावे तसे टोकावर बोटांनी टकटक केले. थोरल्याचा आवाज आला. टणक, कोरडा, ठणठणीत. माझ्या अंगावरून सहा महिन्यांचे ओझे उतरले, मित्रांनो. नापास झालेला मुलगा घरी आला आणि कळले की निकालपत्रच दुसऱ्याचे होते, असे काहीसे.

साहेबांनी गल्लीतच, गाडीच्या टपावर कागद ठेवून नोटीस मागे घेतली. लेखी. अहवालात बाईंनी स्वतः लिहिले: 'कडांवरील लेप घासला गेल्याने निकाल चुकला. कारण मदतनिसास सांगितले नव्हते. चूक प्रयोगशाळेची.' काका म्हणाले, "बाई, माझं नाव घाला की." बाई म्हणाल्या, "तुम्ही घासलंत, पण मी हात फिरवून बघितलं नाही. आकडे बघत बसले." नव्या तीन तुकड्यांची परीक्षा नव्याने सुरू झाली आणि वर्ष पूर्ण करून ते पास झाले. त्यांच्या कडांवर ओघळ आहेत. अगदी कुरूप दिसतात. काका त्यांच्याजवळून जाताना हात पाठीमागे बांधून जातात.

नोटीस मागे घेतली त्या दिवशी संध्याकाळी आक्कांनी तपासणीपुरती बंद केलेली हौदाची झडप पुन्हा उघडली. अकरा माणसे कामाला लागली होती. मुकादम मॅनहोलच्या बंद झाकणापाशी उकिडवा बसून ऐकत होता आणि मी त्याच्या खिशात. खालून पाणी गेले. कुठे अडले नाही, कुठे झिरपले नाही. तेवढ्यात एक आजोबा काठी टेकत आले आणि झाकणावर पाय ठेवून पुढे निघून गेले. खाली काय चालले आहे, त्यांना विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही. थोरल्याला याहून मोठी शाबासकी कोण देणार?

आता माझे काम संपले आहे. माझा एक अर्धा बाईंच्या टेबलावर असतो. नवे लोक शिकायला आले की बाई त्यांच्या हातात मला देतात आणि म्हणतात, "डोळे मिटा, अंगठा फिरवा, मग बोला." दुसरा अर्धा आक्कांनी मागून नेला. तो हौदाजवळच्या खिडकीत असतो आणि तिथली माणसे त्याला 'साहेब' म्हणतात, हे साहेबांना ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याही घराखाली, रस्त्याखाली आमच्यासारखे कुणी ना कुणी अंग ताठ करून पडलेले असेल. आम्ही सोडा सोसतो, साबण सोसतो, उकळते पाणीही सोसतो. पण आमच्या सोसण्यालाही हद्द आहे. उरलेला रंग, जुने तेल, डब्यातले ॲसिड, जे जे नको ते ते मोरीत, असे करू नका. कुणी कमी भरले असे दिसले, तर त्याला टाकून देण्याआधी पाणी कुठून शिरले ते एकदा हात लावून बघा. आणि चूक तुमच्या हातून झाली असेल, तर काकांसारखी टोपी काढून सांगून टाका. आठ दिवसांची भीती एका वाक्यात संपते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बाकी माझे मागणे काही नाही. मोरीत काही ओतताना, खाली कुणीतरी आहे, एवढे लक्षात असू द्या.